पंचगंगेच्या पाण्यात उतरलेला इलेक्ट्रोड

मित्रहो, पॉलिमरचा लेप दिलेले इलेक्ट्रोड पाण्यातली प्रदूषके कशी ओळखतात, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे. पण लेपाकडे वळण्याआधी मला पाण्याविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या पाहण्यातले बरेचसे प्रयोग डिस्टिल्ड पाण्यातच सुरू होतात आणि तिथेच संपतात.

एका पावसाळ्यात आम्ही पंचगंगा घाटावरून गढूळ पाण्याची बाटली भरून आणली. कार्बनचा इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या भुकटीने, मखमली कापडावर, इंग्रजी आठचा आकडा गिरवत घासून आरशासारखा केला होता. या पद्धतीत ऋण विभव (म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा विद्युतदाब) देऊन शिशाचे आयन इलेक्ट्रोडवर धातुरूपाने साठवायचे, मग विभव वाढवत तो धातू पुन्हा विरघळू द्यायचा आणि त्या वेळी वाहणारा प्रवाह मोजायचा. डिस्टिल्ड पाण्यात प्रवाहाच्या आलेखावर शिशाचे टोक उणे ०.५ व्होल्टच्या आसपास सुईसारखे उभे राहिले. नदीच्या पाण्यात तेवढेच शिसे घातले, तर तिथे जेमतेम उंचवटा आला. विद्यार्थ्यांनी वायरी बदलल्या, द्रावणे नव्याने केली. संध्याकाळी तोच इलेक्ट्रोड पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात बुडवला, तरी टोक परतले नाही. घासल्यावर मात्र लगेच परतले. कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली ह्युमिक आम्ले आणि साबणाचे अंश यांनी पृष्ठभाग झाकून टाकला होता, आणि काही शिसे त्या आम्लांनीच धरून ठेवले असणार. ‘नदीचे आकडे वगळा, आलेख बिघडतो,’ असे एका परीक्षकांनी सुचवले. मला ते तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही, कारण त्या बिघडलेल्या आलेखातच आमचा खरा प्रश्न होता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून लेपाचे थोडक्यात सांगतो. नॅफिऑन या पॉलिमरच्या लेपात ऋण भाराचे सल्फोनेट गट असतात. ते शिशाचे धन आयन आत ओढतात आणि ऋण भाराचे मोठे ह्युमिक रेणू बाहेर ठेवतात. वीजवाहक पॉलिमरांचा पाया १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनवरच्या कामाने घातला गेला आणि त्यासाठी हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ॲनिलिनच्या आम्लधर्मी द्रावणात विभव खालीवर फिरवला की पॉलिॲनिलिन या अशाच वीजवाहक पॉलिमरचा हिरवा थर इलेक्ट्रोडवरच वाढतो. ठरावीक आयनाभोवती पॉलिमर घडवून नंतर तो आयन काढून घेतला, तर त्याच्याच मापाची पोकळी उरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतके सूक्ष्म मोजायचे तर हवा तोच आयन निवडण्याची ही क्षमता लेपात हवीच.

अडचणही सांगतो. उदासीन पाण्यात पॉलिॲनिलिनची वाहकता जवळपास नाहीशी होते, म्हणून मोजणीआधी नमुना आम्लधर्मी करावा लागतो. शिवाय शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते, त्यामुळे नायट्रिक आम्लाचे थेंब प्रयोगशाळेत नव्हे, घाटावरच, बाटली भरल्या भरल्या घातले पाहिजेत.