वरातीत नाचता ना, मग इथे कसली लाज

नमस्कार मंडळी, आज जरा पुरुषमंडळींशी बोलायचंय, बायकांनीही ऐका पण हसू नका. आपल्या नाशकात ढोल वाजायला लागला की कुणाचे पाय जागेवर राहतात सांगा बरं. पण वरातीत घोड्यापुढे दोन तास घाम गाळणारा हाच गडी गंगापूर रोडला सालसाच्या, म्हणजे जोडीने नाचायच्या नाचाच्या, क्लासच्या दारात आला की उगाच मोबाईल बघत बसतो आणि "अर्जंट फोन आलाय" म्हणत जिना उतरून जातो. मी स्वतः दोनदा उतरलोय. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा वय ४२, पोट सुटलेलं आणि तळहाताला हा घाम.

पहिल्या दिवशी पार्टनरचा हात मी असा धरला, अंगठा वरून गच्च दाबून, सिटी बसचा दांडा धरतात ना अगदी तसा. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "दादा, मी कुठे पळून जात नाहीये." तेव्हा कळलं की अंगठ्याचं इथे कामच नाही, तिची बोटं आपल्या बोटांवर नुसती टेकलेली असतात आणि कुठे जायचंय ते हात ओढून नाही, आपलं वजन कुठल्या पायावर जातंय त्यावरून तिला समजतं.

मोजणी सोपीय हो. सालसात आठ मोजायचे, १-२-३ ला पावलं, ४ ला थांबा, ५-६-७ ला पावलं, ८ ला थांबा. आपला केरवा ताल पण आठच मात्रांचा, म्हणजे कान लहानपणापासून तयार आहे, मध्ये लुडबुडतं ते डोकं. क्लासमधला दुसरा जोडीचा नाच, बचाटा, तर त्याहून सोपा, तीन पावलं आणि चौथ्याला नुसता टॅप. हा डॉमिनिकन रिपब्लिक या देशाचा, एकेकाळी तिथले प्रतिष्ठित लोक त्याला नाकं मुरडायचे, आपल्याकडे तमाशाला मुरडायचे तशी, आणि २०१९ ला युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतला.

आता रील बघून दहा टर्न पाठ करून येणारे असतात, त्यांचं मला खरंच कळत नाही, पोरीला भोवऱ्यासारखं फिरवतात आणि तिचा खांदा दुखतो. बेसिक पावलं आणि एक साधा टर्न, एवढ्यावर अख्खं गाणं निघतं, पावलं छोटी टाका आणि स्वतःच्या बुटांकडे बघू नका. "नाचूया?" विचारल्यावर ती "नको" म्हणाली तर "बरं" म्हणायचं आणि हसून बाजूला व्हायचं, का नको ते विचारत बसायचं नाही, पाय दुखत असतील तिचे. आणि स्वतःला क्लासला येऊन तीनच आठवडे झालेले असताना तिला शिकवायला जाऊ नका, प्लीज.

एक रुमाल आणि जादाचा शर्ट बॅगेत ठेवा. आणि हो, संध्याकाळी क्लास असेल तर मिसळीवरचा कच्चा कांदा तेवढा टाळा, मी नव्हता टाळला, त्या दिवशी सगळ्या पार्टनर माझ्याशी हातभर लांबूनच नाचल्या.