ओपन जिमचं बिल कोण भरतं?

मंडळी, बागेतल्या ओपन जिमला तिकीट नाही, महिन्याची फी नाही, नावनोंदणी नाही. म्हणून आपण तिला फुकटची जिम म्हणतो. ती फुकट नाही. मालमत्ता कर, जीएसटी, पेट्रोलवरचा कर, या ना त्या वाटेने तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. ते कुठून येतात आणि नेमके कुठे आटतात, एवढंच आज सांगायचं आहे.

जिमपाशी फलक असतो : अमुक यांच्या निधीतून. हा निधी कुणाच्या खिशातला नसतो. खासदाराला आपल्या क्षेत्रात वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. महाराष्ट्रात आमदार निधी 2020 मध्ये 2 कोटींवरून 3 कोटींवर गेला आणि 2022 च्या अर्थसंकल्पात 5 कोटी झाला. लोकप्रतिनिधी काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, पैसा सरकारी तिजोरीतला. पुण्यात नगरसेवकांची 'स' यादी असते, म्हणजे त्यांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची यादी, तिथली रक्कम महापालिकेच्या अंदाजपत्रकातलीच. गावाकडे क्रीडा खात्याचं व्यायामशाळा विकासाचं अनुदान आहे. कंपन्यांच्या सीएसआरमधूनही, म्हणजे त्यांनी समाजकार्यासाठी काढलेल्या पैशातूनही, काही जिम उभ्या राहतात, पण बहुतेक ठिकाणी पैसा सार्वजनिकच असतो.

अशी जिम बसवणं सोपं असतं, म्हणून ती इतकी पसरली. छप्पर नको, वीज नको, प्रशिक्षक नको. काँक्रीटचा पाया घालायचा, नट-बोल्ट आवळायचे, रंग लावायचा. ज्यांना खासगी जिमची फी परवडत नाही, ज्या बायकांना बंद हॉलमध्ये जायला अवघड वाटतं, ज्या आजोबांना डॉक्टरांनी गुडघे हलते ठेवायला सांगितलंय, त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे. मला ती हवी आहे, आणि चालू हालतीत हवी आहे.

एअर वॉकर, म्हणजे उभं राहून हवेत चालल्यासारखे पाय झुलवायचं यंत्र, सगळ्यांनी पाहिलाय. दोन पावट्या, वर दोन दांडे, आणि ते दांडे ज्यावर झुलतात ती बेअरिंग. सगळा भार त्या बेअरिंगवर. पहिल्या पावसाळ्यात आत पाणी शिरतं, ग्रीस निघून जातं, यंत्र कुरकुरायला लागतं. तेव्हाच कुणी ग्रीस भरलं, तर खर्च किरकोळ. नाही भरलं, तर बेअरिंग झिजते, दांडा आडवा डुलायला लागतो. मग रबरी स्टॉपर निखळतो, लोखंडावर लोखंड आपटतं, वेल्डिंगला चीर जाते. शेवटी कुणीतरी पावटी नायलॉनच्या दोरीने बांधून टाकतं. समुद्राजवळच्या गावांत खाऱ्या हवेने हे सगळं आणखी लवकर होतं. ग्रीसच्या डब्याचे पैसे वाचवून आपण अख्खं यंत्र घालवतो.

हे का होतं? ठेकेदार दोषदायित्व कालावधीपुरता बांधील असतो, म्हणजे काम झाल्यावर ठरावीक मुदतीत निघालेले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. ती मुदत संपली की ठेकेदार मोकळा. खासदार निधीतून झालेल्या कामाची देखभाल ज्या संस्थेच्या ताब्यात ते जातं तिनेच करायची असते, म्हणजे शहरात बहुधा पालिकेच्या उद्यान विभागाने. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नागरी संस्थांच्याच विषयांत आहेत. पण यंत्र आलं दुसऱ्याच्या निधीतून आणि देखभालीची तरतूद कुणी केलेली नसते. पुण्यात तर 2022 च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार. ज्यांच्या यादीतून यंत्रं आली, ते पदावरच नव्हते.

आपल्याकडच्या तालमींचं पाहा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं. पण हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती रोज खणायची, तिच्यात तेल, हळद, ताक मुरवायचं, हे काम पैलवान स्वतः करायचे. देखभाल हा व्यायामाचाच भाग होता. बागेतल्या यंत्राला असा धनी आपण ठेवलेलाच नाही.

युरोपात अशा यंत्रांसाठी ईएन 16630 हे मानक 2015 पासून आहे. त्यात ही यंत्रं 1.40 मीटरपेक्षा उंच व्यक्तींसाठी धरलेली आहेत. आपल्याकडे संध्याकाळी पाहा, लहान पोरं त्यांवर लोंबकळत असतात. हलत्या दांड्यात बोट सापडलं तर चेपतं. ही उंचीची सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येणार आहे?

म्हणून नवी जिम मंजूर झाली की अंदाजपत्रकात निदान तीन-चार वर्षांच्या देखभालीचा करार आहे का, ते विचारा. जुनी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची प्रत, दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख आणि आज देखभाल कुणाकडे आहे, एवढं मागा. तारीख उलटायच्या आत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेता येते, नंतर तोच खर्च पुन्हा आपल्याच करातून होतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आम्ही वर्गणी काढून दुरुस्ती केली तर? उद्यान विभागाला कळवून ग्रीस घाला, सैल बोल्ट दिसला तर त्यांना सांगा. वेल्डिंग मात्र स्वतः करू नका. मालमत्ता पालिकेची आहे, उद्या कुणी पडलं तर जबाबदारी तुमच्या गळ्यात येईल. लेखी तक्रार करा, फोटो जोडा, पोच घ्या. आणि दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र वापरू नका.