पडद्यावरचं घर आणि नऊ इंची भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

घर बांधायचं ठरलं की वहीच्या मागच्या पानावर चौकोन पडायला लागतात. हेच चौकोन संगणकावर काढायला आता पैसे लागत नाहीत. लिब्रेकॅड आणि स्वीट होम थ्रीडी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पहिल्यांदाच बसणार असाल तर स्वीट होम थ्रीडी घ्या. वर नकाशात भिंत ओढली की खाली ती लगेच उभी दिसते.

पण आधी टेप घेऊन जागेवर जा. चार बाजू मोजून भागत नाही, एक कर्णही मोजा. ३० बाय ४० फुटांचा प्लॉट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, असेल तर कर्ण बरोबर ५० फूट भरतो. नाही भरला, तर प्लॉट तिरका आहे आणि नकाशाही तसाच तिरका काढायला हवा. लिब्रेकॅडमध्ये हे सोपं आहे: एका बाजूच्या एका टोकावरून शेजारच्या बाजूएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून कर्णाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ. दोन्ही छेदतात तो तिसरा कोपरा.

आकडे टाकताना एक चूक हमखास होते. १० फूट ६ इंच म्हणजे १०.६ नव्हे, १०.५ फूट. १०.६ टाकलंत तर खोली इंचभर वाढते, आणि संगणक काही बोलत नाही. त्याला दिलेला आकडा तो इमानाने काढतो.

आता भिंत. स्वीट होम थ्रीडीत नवी भिंत साधारण साडेसात सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच जाडीची येते. आपली बाहेरची वीटभिंत नऊ इंची, मधली साडेचार इंची. ही जाडी पहिल्याच मिनिटाला बदला. शिवाय तिथे भिंतीची लांबी मधल्या रेषेवर मोजली जाते. दोन्हीकडे नऊ इंची भिंती असताना आत १० फूट हवे असतील, तर मध्य ते मध्य १० फूट ९ इंच धरावे लागतात.

बाहेरून ३० फूट रुंद घरात १५-१५ फुटांच्या दोन खोल्या बसतील असं वाटतं ना? दोन बाहेरच्या भिंती आणि एक मधली मिळून साडेबावीस इंच जातात. चार अंगांचा गिलावा अर्धा-अर्धा इंच धरला की आणखी दोन. खोली उरते जेमतेम १४ फुटांची. कपाट आणि पलंग घेताना हाच आकडा लागतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो जिना. नकाशावर चार बाय सहाचा चौकोन काढून लोक मोकळे होतात. हिशेब करून पाहा. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ चढ धरले तर प्रत्येकाची उंची पावणेसात इंचांच्या आसपास येते. मध्ये वळणाऱ्या जिन्यात ९ आणि ९ चढ. नववा चढ थेट लँडिंगवर, म्हणजे मधल्या सपाट टप्प्यावर, किंवा वरच्या फरशीवर पोचतो. म्हणून प्रत्येक बाजूला १० इंच रुंदीच्या ८ पायऱ्या, म्हणजे ८० इंच, त्यात लँडिंगचे ३ फूट. लांबी झाली ९ फूट ८ इंच, आणि दोन्ही बाजू तीन-तीन फुटांच्या धरल्या तर रुंदी सहा फूट. सगळे चढ सारखे हवेत. उरलेला इंच-दीड इंच शेवटच्या पायरीत ढकलला की रोज कुणीतरी तिथे अडखळतं.

आणि लँडिंगखाली संडास? लँडिंग पाच फुटांवर येतं, स्लॅबची जाडी वजा केली की खाली साडेचार फुटांच्या थोडं वर उरतं. तिथे पाण्याची मोटर ठेवा.

कॉलम आणि बीम मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरवर सोडा. मंजुरीच्या नकाशावर सहीसुद्धा परवानाधारकाचीच लागते.

प्रिंट काढताना १ ला १०० हे प्रमाण निवडा आणि ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. मग पट्टी लावून बघा. तीन मीटरची भिंत कागदावर बरोबर तीन सेंटीमीटर भरली, तरच तो कागद मिस्त्रींच्या हातात द्या.