बालाघाटाचा वारा, मांजरेचं पाणी

बालाघाटाच्या डोंगररांगेवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांच्या या पात्यांना पाणी लागत नाही. मराठवाड्यात ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. जुलै २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडलं. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कोळसा जाळून वाफ करायची आणि ती पुन्हा थंड करायची, तर पाणी लागणारच.

नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीवर पाऊस सांडून इकडं येतो. पिकाच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं, पात्यांना मात्र तो पुरेपूर मिळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद आठपट होते. म्हणून पवनचक्कीला डोंगरमाथा हवा असतो.

तोच माथा घारी-गरुडांनाही हवा असतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पवनचक्क्यांच्या भागात मात्र सरडे वाढले होते. म्हणजे परिणाम पक्ष्यांपाशी थांबत नाही, खालच्या जिवांपर्यंत पोचतो. पात्यांमुळे वटवाघळंही मरतात, ती बहुतेक मंद वाऱ्याच्या रात्री. तेव्हा वीजही थोडीच मिळते. अशा रात्री पाती थांबवली तर तोटा किरकोळ आणि जीव वाचतात. परदेशात हे करून पाहिलंय. इथंही व्हायला हवं.

आता जरा खाली, पायथ्याकडे पाहा. साठ-सत्तर मीटर लांबीचं अखंड पातं वर न्यायचं, तर वळणं रुंद करावी लागतात, उतार कापावा लागतो, अवजड क्रेनसाठी जागा सपाट करावी लागते. मांजरा नदी याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगम पावते, आणि लातूर तिच्याच धरणाचं पाणी पितं. डोंगरावरचा ओघळ रस्त्यानं तोडला, मुरूम नाल्यात ढकलला, की पाणी मुरायचं कमी होतं आणि गाळ खाली उतरतो. परळीत पाण्याची बचत करणारी वीज मांजरेचा उगम बुजवून मिळवायची, हे आम्हाला पटत नाही.

हे टाळता येतं. रस्त्याखाली पुरेशा मोऱ्या टाकायच्या, कापलेल्या उतारावर समतल चर खणून गवत लावायचं, मुरूम नाल्यापासून लांब टाकायचा. हा आराखडा ग्रामसभेपुढे यावा, आणि तोही पहिलं यंत्र डोंगर चढण्याआधी.