विहिरीतून निघणारे चमकते गोटे

आपल्याकडं विहीर खंदायला घेतली की आधी काळी माती, मंग मुरूम, मंग मांजऱ्या आन त्याच्याखाली सुरुंगाशिवाय हलत नाही असा काळा खडक लागते. हा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बुलडाणा, अकोला, वाशीम सगळं आन यवतमाळचा बराचसा भाग त्याच्यावरच बसला हाये, नागपूरची सीताबर्डीची टेकडी पण त्याचीच, गडचिरोली-गोंदियाकडं मात्र खडकच वेगळा. लाव्हा थिजताना त्यात गॅसचे बुडबुडे अडकले, नंतर त्या पोकळ्यांत गरम पाणी मुरलं आन पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक जमले. ते झिओलाइट. मलब्यात तुम्हाला जे पांढरं, गुलाबीसर चमकते ना, त्यातलं बरंच हेच असते.

बरंच म्हटलं, सगळं नाही. गारगोटी, कॅल्साइट आन झिओलाइट तिन्ही पांढरे, म्हणून घोटाळा होते. गारगोटीनं काचेवर ओरखडा उठते, चाकूचा तिच्यावर उठत नाही. कॅल्साइटवर संडास धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका, फसफसते (पोट्ट्यांनी एकट्यानं करू नका, मोठ्या माणसाला घेऊन, मोकळ्या हवेत). आपल्याकडचं नेहमीचं झिओलाइट म्हणजे स्टिल्बाइट, ते असं फसफसत नाही, चाकूनं ओरखडते आन त्याच आकाराच्या गारगोटीपेक्षा हातात हलकं लागते. त्याचा खरा ओळखीचा आकार गव्हाच्या पेंढीसारखा, मधी आवळलेला अन दोन्ही टोकांना फुललेला, आन फुटलेल्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झळाळी. सुयांचा झुबका दिसला तं स्कोलेसाइट असू शकते. चौकोनी, टोकाला निमुळता, कधी हिरवट असा निघाला तं तो ॲपोफिलाइट, लोक त्यालाही झिओलाइट म्हणतात पण त्यात ॲल्युमिनियम नसते म्हणून तो त्या घराण्यातला नाही, नुसता शेजारी राहते.

आता ॲल्युमिनियमचं एवढं काऊन? सगळी गंमत तिथंच हाये. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आन ऑक्सिजन मिळून बारीक बारीक पिंजरे तयार होतात, ॲल्युमिनियममुळं पिंजऱ्यावर ऋण भार येते आन तो भागवायला सोडियम, कॅल्शियम आत सैल बसलेले असतात, म्हणजे दुसरा कोणी आला की जागा सोडून देतात. पाणी पण आतच, १०० ग्रॅम स्टिल्बाइटमधी जवळपास १८ ग्रॅम. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या खनिजशास्त्रज्ञानं असा दगड तापवला तं त्यातून वाफ निघाली, तिथून या खनिजांचं झिओलाइट, म्हणजे 'उकळणारा दगड', असं नाव पडलं.

वापर म्हणाल तं कपड्याच्या पावडरमधी कारखान्यात बनवलेलं झिओलाइट असते, ते जड पाण्यातलं कॅल्शियम धरते आन सोडियम सोडते. कोरोनात दवाखान्यांत जे ऑक्सिजनचे प्लांट बसले, त्यांतही झिओलाइटच, हवेतला नायट्रोजन धरून ठेवते अन ऑक्सिजन पुढं जाऊ देते. शेतीसाठी पोत्यात मिळते ते बहुतेक क्लिनोप्टिलोलाइट, जमिनीतलं अमोनियम आन पोटॅश धरून ठेवते, पण ते स्वतः खत नाही बरं, दुकानदार काही म्हणू दे. आपल्या मलब्यातलं स्टिल्बाइट कुटून शेतात टाकलं म्हणून तेच काम होईल असं समजू नका.

दर्यापूरकडल्या भाऊंनी चिठ्ठी पाठवली, खारपाणपट्ट्यातलं पाणी यानं गोडं होईल का? नाही होत भाऊ. झिओलाइट फक्त अदलाबदल करते, एक क्षार घेते तं दुसरा सोडते, आन क्लोराइडला तं हातच लावत नाही. तुमच्या पाण्यात आधीच सोडियम जास्त, त्यात पावडरवाल्या झिओलाइटनं आणखी सोडियमच सुटणार. त्यापेक्षा शेततळ्यात पावसाचं पाणी धरा, आन कोणी "खारं पाणी गोडं करणारा दगड" म्हणून विकायला आला तं त्याला त्याच पाण्याचा चहा पाजा.

हं, मागून कोणीतरी हात वर केला, विचारा ताई.