तैवानमधल्या घारी कुठे गेल्या? तेवीस वर्षं चाललेल्या एका शूटिंगची गोष्ट

(पडद्यावर: कीलुंगचं बंदर, संध्याकाळ, पाण्यावर घिरट्या घालणारी घार)

ही घार बघा. ससून डॉकवर, देवनारला, गावातल्या मटणाच्या दुकानासमोर जी कायम दिसते तीच, प्रजाती तीच, फक्त उपप्रजाती वेगळी. शेपटीला मधे खाच, आणि पायात पकडलेलं उडता उडताच चोचीपर्यंत नेऊन खायची सवय, सगळं सेम. पण हे मुंबई नाहीये, हे तैवानच्या उत्तरेचं कीलुंग, आणि नव्वदच्या दशकात अख्ख्या बेटावर मिळून घारी उरल्या होत्या दोनशेच्या आसपास. आपल्या एखाद्या डम्पिंग ग्राउंडवर एका दुपारी तेवढ्या दिसतात.

गंमत म्हणजे तिथेही पूर्वी घार इतकी कॉमन होती की तिच्याकडे कोणी मुद्दाम बघायचंच नाही. मग कमी कधी झाली, कशाने झाली, याचा हिशेब कोणाकडे असणार?

कीलुंगमध्ये शेन चेन-चुंग नावाचे जीवशास्त्राचे शिक्षक होते. 1991 च्या सुमारास त्यांनी बंदराजवळच्या डोंगरावर बसून घारी बघायला सुरुवात केली, आणि थोड्याच काळात ज्या जंगलात घारी राहायच्या तिथेच बांधकामासाठी झाडं तोडली गेली. त्या माणसानं ठरवलं की आयुष्यातली वीस वर्षं घारींना द्यायची, आणि खरंच नोकरी सोडली. दुर्बीण, वही आणि डोंगर, बस. पंखातलं कुठलं पीस तुटलंय, कुठे फट पडलीय, त्यावरून ते एकेक घार ओळखायचे, नावं ठेवायचे, कोण कोणाबरोबर घरटं करतंय ते लिहून ठेवायचे. ही चिकाटी बघून मला खरंच भरून येतं, कारण यातून पैसा नाही, प्रसिद्धी नाही, आणि बरीच वर्षं तर उत्तरही नाही.

त्यांच्यासोबत कॅमेरा घेऊन होते लिआंग चिएह-ते. पक्षीवाल्यांना हे नाव माहीत असेल, कारण 2000 साली मात्सू बेटांवर सुरय पक्ष्यांचं शूटिंग करताना यांनाच चायनीज क्रेस्टेड टर्न हा दुर्मिळ सुरय सापडला होता, जो कित्येक दशकं नामशेष धरला गेला होता. तर या लिआंग यांनी शेन आणि घारी दोघांना तेवीस वर्षं शूट केलं, आणि 2015 मध्ये 'फ्लाय, काईट फ्लाय' (काईट म्हणजे घार) ही त्यांची डॉक्युमेंट्री थिएटरमध्ये लागली.

तैवानमध्ये लोक तिकीट काढून निसर्गावरची डॉक्युमेंट्री बघतात हे दोन वर्षं आधीच दिसलं होतं. ची पो-लिन यांची 'बियॉन्ड ब्युटी', 2013 ची, सगळीच्या सगळी हेलिकॉप्टरमधून शूट केलेली. हा माणूस हायवे बांधणाऱ्या सरकारी खात्यात फोटो काढायचा, पेन्शन हाताशी आलेली असताना नोकरी सोडली, घर गहाण ठेवलं आणि बेट वरून कसं दिसतं ते लोकांना दाखवलं, खचलेले डोंगर आणि रंग बदललेल्या नद्यांसकट. 10 जून 2017 ला पुढच्या फिल्मच्या कामावर असतानाच ह्वालिएनला त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं. आत असलेले तिघेही गेले.

घारींची फिल्म त्याच्या अगदी उलट, खालून वर बघणारी आणि हळू. मला जास्त आवडते ती हीच.

(पडद्यावर: पिंगतुंग, भातकापणी झालेली शेतं)

आता दक्षिणेला पिंगतुंगला येऊ. इथे भात निघालं की ऑक्टोबरच्या आसपास त्याच रानात अझुकी पेरतात, बारीक लाल कडधान्य, तिकडे गोड सूपमध्ये आणि बर्फाच्या गोळ्यावर घालून आवडीनं खातात. पेरलं की चिमण्या आणि होले दाणे उचलायला येतात, म्हणून काही शेतकरी कार्बोफ्युरान हे जहाल कीटकनाशक घातलेलं धान्य टाकायचे. शेतातच पक्षी तडफडून पडायचे. आणि घार ही फार कष्टानं शिकार करणारी नाही, आयतं मेलेलं, अर्धमेलं दिसलं की ती उचलते, एकटी नाही, दहा-वीस जणी येतात.

2012 साली तिथे मेलेल्या घारी सापडल्या. लिन हुई-शान या तरुण संशोधिकेनं तपासण्या करून घेतल्या तर कार्बोफ्युरान निघालं. मग ती बांधाबांधानं फिरून मेलेले पक्षी गोळा करत राहिली, आकडा तीन हजारांच्या वर गेला. वीस वर्षं उत्तरेच्या डोंगरावर बसून शेन जे कोडं सोडवत होते, त्याचा एक मोठा तुकडा असा दक्षिणेच्या वावरात पडलेला होता.

इथे मला फिल्म फार प्रामाणिक वाटते. शेतकऱ्याला व्हिलन केलेलं नाही. पेरलेलं बी डोळ्यादेखत पक्षी नेतायत तर माणूस काहीतरी करणारच ना, आणि जे दुकानात मिळतंय तेच वापरणार. पुढे तिथल्याच एका शेतकऱ्यानं विष न टाकता अझुकी घ्यायचं कबूल केलं, एका मोठ्या सुपरमार्केट साखळीनं तो माल घेतला, घारीच्याच नावानं विकला, आणि मग बाकीचेही आले. 2017 पासून तैवानमध्ये कार्बोफ्युरानच्या जास्त तीव्रतेच्या औषधावर बंदी आली. हिवाळ्यात घारी संध्याकाळी ठरलेल्या झाडांवर मुक्कामाला जमतात, तेव्हा बेटभर एकाच वेळी लोक मोजायला बसतात, तो आकडा नंतर सातशेच्या पुढे गेला.

कार्बोफ्युरान आपल्या शेतकऱ्यांनाही चांगलंच माहितीय. 2023 मध्ये केंद्रानं 3 टक्क्यांचं दाणेदार सोडून त्याच्या बाकी सगळ्या प्रकारांवर बंदी घातली. आपल्याकडे शिवारातल्या घारींची अशी मोजणी कुठे होत असेल तर मला ती मनापासून बघायचीय.

तैवानमधलं काम संपलेलं नाहीये. आता तिथले अभ्यासक मेलेल्या शिकारी पक्ष्यांच्या लिव्हरमध्ये उंदराच्या औषधाचे अंश तपासतायत, आणि अर्ध्याहून जास्त पक्ष्यांमध्ये ते सापडलेत, घारींमध्येसुद्धा.