दुर्गा रानी सिंहची डायरी : पूर्व भागातली एक दुपार

ही सोलापूरच्या पूर्व भागातली एक गल्ली आहे. यंत्रमागांचा खडखडाट इथे दिवसभर चालू असतो आणि त्याच आवाजात उंबऱ्याशी बसलेल्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. पत्र्याच्या मापाने कापलेले तेंदूचे पान, त्यावर चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी आणि वर दोऱ्याचा वेढा, एवढ्यात विडी तयार होते. गप्पा तेलुगूत सुरू होतात आणि मराठीत संपतात. याच गल्लीत, शेजारच्या अक्कांच्या घरी, एका दुपारी आम्ही ‘कहानी २ : दुर्गा रानी सिंह’ हा हिंदी चित्रपट लावला.

हा चित्रपट २ डिसेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते. ज्या वस्तीत आठवड्याची मजुरी रोखीने हातात पडते, त्या वस्तीला त्या दिवसांत तिकिटाच्या पैशांचा विचारही परवडणारा नव्हता. त्यामुळे अक्कांनी हा चित्रपट तेव्हा पाहिला नव्हता आणि मीही तो पुष्कळ उशिराच पाहिला.

दिग्दर्शक सुजॉय घोष आणि अभिनेत्री विद्या बालन ही जोडी २०१२ च्या ‘कहानी’चीच असली, तरी दोन्ही कथांचा एकमेकींशी संबंध नाही. या चित्रपटात हुगळी नदीकाठच्या चंदननगरमध्ये विद्या सिन्हा नावाची एक साधी, नोकरदार बाई आपल्या अपंग मुलीबरोबर, मिनीबरोबर, राहते. एके दिवशी मिनी घरातून नाहीशी होते, आईला अपघात होतो आणि ती बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचते. तपासाला आलेला पोलीस अधिकारी इंदरजित सिंह, म्हणजे अर्जुन रामपाल, तिला पाहून चमकतो, कारण हा चेहरा खून आणि अपहरणाच्या गुन्ह्यात हव्या असलेल्या दुर्गा रानी सिंहचा आहे. तिच्या घरात त्याला एक डायरी सापडते आणि त्या पानांतून कथा मागे, डोंगरातल्या कालिंपाँगला, जाते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांची आधीच क्षमा मागतो, कारण पुढचे सांगितल्यावाचून या कथेबद्दल काहीच बोलता येत नाही. मिनी ही दुर्गाची पोटची मुलगी नाही. दुर्गा शाळेत नोकरीला होती आणि मिनी त्या शाळेतली लहानगी विद्यार्थिनी होती. ही मुलगी वर्गात सारखी झोपते आणि त्यासाठी शिक्षा भोगते. तिला रात्री झोप का लागत नसेल, हा प्रश्न एकट्या दुर्गाला पडतो, कारण बालपणी जे तिने स्वतः सोसले, त्याची खूण तिला त्या पेंगुळलेल्या चेहऱ्यावर दिसते. आईवडील नसलेल्या मिनीवर तिचा काका अत्याचार करत असतो आणि घरातली आजी त्याला पाठीशी घालत असते. घराणे प्रतिष्ठित असल्यामुळे दुर्गाने आवाज उठवूनही तिच्या हाती काही लागत नाही. पुढे जे घडते त्यात आजीचा जीव जातो आणि दुर्गा मुलीला घेऊन पळते. कायद्याच्या कागदावर ती तेव्हापासून खुनी आणि अपहरणकर्ती असते. मिनीसाठी मात्र ती तेव्हापासून आई असते.

लपवलेला भूतकाळ म्हटला की तो बाईच्या बदनामीचा असणार, असे आपण सवयीने धरून चालतो, आणि रहस्यपटही बहुधा तसेच धरून चालतात. इथे तसे नाही. दुर्गाने नाव बदलले ते आधी खरे सांगून पाहिल्यानंतर, आणि ते कोणी ऐकून न घेतल्यानंतर. माझ्या दृष्टीने या चित्रपटाचे सगळे मोल या क्रमात आहे.

हे कल्पनेतलेच आहे, असे समजून बाजूला सारता येत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. त्यानंतर १४ नोव्हेंबर २०१२ पासून ‘पोक्सो’, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला किंवा त्याची शंका आली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. कलम २४ सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला पोलीस अधिकाऱ्याने घ्यावा, आणि त्या वेळी अधिकारी गणवेशात नसावा. ही कलमे मी कालिंपाँगच्या प्रसंगांशेजारी ठेवून वाचली, तेव्हा दुर्गाला जे जे मिळाले नाही त्याचीच ती यादी वाटली.

उत्तरार्धात चित्रपट सैल होतो, हेही सांगितले पाहिजे. तपास करणारा अधिकारीच दुर्गाचा पूर्वाश्रमीचा पती निघावा, हा योगायोग कथेला पेलत नाही, आणि शेवटची धावपळ त्या डायरीइतकी खरी वाटत नाही. विद्या बालन मात्र कुठेही सैल पडत नाही. कसलीही रंगरंगोटी नसलेला, रात्रभर जागल्यासारखा तो चेहरा पाहताना ती अभिनय करते आहे हे आपण विसरतो.

त्या दुपारी अक्का सुरुवातीला विड्या वळत वळतच पाहत होत्या. हातांना सवय असल्यामुळे नजर पडद्यावर असली तरी बोटे चुकत नव्हती. वर्गात झोपलेली मिनी दिसली, तेव्हा त्यांची बोटे थांबली आणि अर्धी वळलेली विडी तशीच हातात राहिली. पुढच्या सगळ्या पाठलागाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. चित्रपट संपल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, “पैलेच कुणीतरी ऐकून घ्यायला पायजे होतं हिचं.” मग त्यांनी वर्गातला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, आणि तो सुरू होण्याआधी मांडीवरचे सूप उचलून भिंतीशी ठेवले.